एका सेकंदाने झाकलेला सामना : अलाबामा विरुद्ध ऑबर्न, ३० नोव्हेंबर २०१३

अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या जॉर्डन-हेअर स्टेडियममधलं घड्याळ शून्यावर आलं तेव्हा गुणफलकावर २८-२८ होतं. अलाबामाचा धावपटू टीजे येल्डन २४ यार्ड धावत जाऊन ऑबर्नच्या ३८ यार्डांच्या रेषेजवळ मैदानाबाहेर पडला होता. त्याचा पाय रेषेबाहेर पडला तेव्हा वेळ संपली होती की नव्हती, एवढाच प्रश्न उरला होता. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन एक सेकंद शिल्लक आहे यावर अडून बसले. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि तो सेकंद परत दिला.

त्या परत मिळालेल्या सेकंदातच अलाबामा ३४-२८ ने हरलं.

महाराष्ट्रात तेव्हा १ डिसेंबरची, रविवारची पहाट होत होती. अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडे सकाळच्या चहाबरोबर बोलायचा विषय नाही, हे मला ठाऊक आहे. तरी हे प्रकरण लिहायचं ठरवलं, कारण जिंकता जिंकता हरलेल्या सामन्यानंतर चाहते काय बघतात आणि काय त्यांच्या नजरेतून सुटतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. माझी बाजू आधीच सांगतो. मी अलाबामाचा आहे. पुढचं सगळं हरलेल्या घरातून लिहिलेलं आहे.

खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. चेंडू शेवटच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेला तर टचडाउनचे सहा गुण, आणि त्यानंतरच्या किकचा बहुतेक वेळा एक. तिथवर पोचता येत नसेल तर दोन खांबांमधून चेंडू मारून तीन गुण घ्यायचे, तो फील्ड गोल. आणि या सामन्यापुरता सर्वांत महत्त्वाचा नियम असा : फील्ड गोल हुकला आणि चेंडू आखूड पडला, तर समोरचा संघ तो झेलून उलट पळू शकतो. हा नियम पुस्तकात कायम होता. प्रत्यक्षात त्याचा उपयोग इतका क्वचित होतो की वर्षानुवर्षं खेळ पाहणाऱ्यांनाही तो पटकन आठवत नाही.

आता पणाला काय लागलं होतं ते. अलाबामा राज्यात व्यावसायिक लीगचा एकही मोठा फुटबॉल संघ नाही. त्यामुळे राज्य दोन विद्यापीठांत वाटलं गेलंय, टस्कलूसाचं अलाबामा आणि पूर्वेकडचं ऑबर्न. दोघांच्या वार्षिक सामन्याला ‘आयर्न बोल’ म्हणतात. तो कित्येक दशकं लोखंड-पोलादाच्या बर्मिंगहॅम शहरात होत असे, त्यावरून हे नाव. पहिला सामना १८९३ चा. मध्ये १९०७ ते १९४८ अशी चाळीस वर्षं दोन्ही विद्यापीठं एकमेकांशी खेळलीच नाहीत. हे वैर कुठवर जातं ते २०१० च्या सामन्यानंतर दिसलं. ०-२४ ने मागे पडलेलं ऑबर्न तो सामना २८-२७ ने जिंकलं, आणि त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्न गावातल्या टूमर्स कॉर्नरच्या जुन्या ओक झाडांना विष घातलं. ऑबर्नचे लोक विजय साजरा करायला त्याच झाडांखाली जमत. २०१३ च्या एप्रिलमध्ये ती झाडं काढून टाकावी लागली. आमच्यातल्याच एकाचं हे कृत्य, म्हणून ते इथे नोंदवतो.

२०१२ मध्ये आम्ही ऑबर्नला ४९-० ने हरवलं होतं. त्या हंगामात ऑबर्नने बारापैकी तीनच सामने जिंकले. २००९, २०११ आणि २०१२ ची राष्ट्रीय विजेतेपदं आमच्याकडे होती आणि सलग तिसरं समोर दिसत होतं. २०१३ च्या या सामन्याला अलाबामा अकरापैकी अकरा जिंकून, देशात पहिल्या क्रमांकावर राहून आलं. ऑबर्न चौथं. ऑबर्नचे नवे मुख्य प्रशिक्षक गस मॅलझान यांनी एका वर्षात संघ उभा केला होता, आणि दोनच आठवड्यांपूर्वी जॉर्जियाविरुद्ध शेवटच्या अर्ध्या मिनिटात ७३ यार्डांच्या फेकीवर ४३-३८ असा सामना काढला होता. चार संघांची बाद फेरी पुढच्या वर्षापासून यायची होती. २०१३ च्या हंगामात राष्ट्रीय अंतिम सामन्यात दोनच संघांना जागा होती, म्हणजे एक पराभव झाला की स्वप्न बहुधा तिथेच संपणार.

सामना कसा गेला ते सांगतो. आधी ऑबर्नचा क्वार्टरबॅक, म्हणजे फेकी करणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू, निक मार्शल स्वतःच ४५ यार्ड धावला, ७-०. दुसऱ्या क्वार्टरमध्ये अलाबामाने ओळीने तीन टचडाउन केले, २१-७. मध्यंतरापूर्वी ऑबर्नने एक फेडला आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये बरोबरी साधली, २१-२१. मग ऑबर्नच्या पंटरने, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांच्या हवाली करणाऱ्या खेळाडूने, चेंडू आमच्या १ यार्डाच्या रेषेवर आणून ठेवला. पाठीमागे स्वतःचा एंड झोन, समोर ९९ यार्ड. तिथून आमचा क्वार्टरबॅक एजे मकॅरनने अमारी कूपरला फेक दिली आणि कूपर थेट शेवटपर्यंत गेला. ९९ यार्डांचा टचडाउन. याहून लांब फेक या खेळात होऊच शकत नाही. २८-२१. त्या क्षणी सामना संपला असं मानणारे खूप होते. मीही त्यांच्यातला.

इथून पुढे काय बिघडलं यावर त्या रात्रीपासून वाद सुरू झाला. चाहत्यांचे साधारण चार गट पडले. एकाने किकरवर खापर फोडलं. दुसऱ्याचा राग ५७ यार्डांची किक मारायला लावणाऱ्या सेबनवर होता. तिसरा गट त्याआधीच्या एका निर्णयावर बोट ठेवत होता : चौथा डाउन, एक यार्ड हवा, आणि तरी सोपी किक घेतली नाही. चौथ्याला पंच दोषी दिसले. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सारख्या प्रमाणात नाही.

किकरपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त त्यालाच सोसावं लागलं. केड फॉस्टर हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. त्या दिवशी त्याचे तीन प्रयत्न वाया गेले : ४४ यार्डांवरून एक हुकला, ३३ यार्डांवरून एक हुकला, आणि अखेरच्या टप्प्यात ४४ यार्डांवरचा एक ऑबर्नने अडवला. ३३ यार्डांच्या किकची गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ती मुळात त्याहून जवळून होती आणि फॉस्टरने ती खांबांमधून घातलीही होती. पण आमच्याच एका खेळाडूने वेळेआधी हालचाल केली म्हणून दंड झाला, पाच यार्ड मागे जावं लागलं, पुन्हा मारावी लागली आणि ती हुकली. फॉस्टरच्या नावावर लागलेल्या त्या चुकीत निम्मा वाटा दुसऱ्या कुणाचा आहे. अडवलेल्या किकमध्ये तर फळीतून आत घुसू देणाऱ्यांचा वाटा किकरपेक्षा मोठा. ‘तीन किक हुकल्या’ असं म्हणताना हे सगळं गळून जातं.

तरीही नऊ गुण गेले, आणि सामना सहा गुणांनी. हिशेब तोंडपाठ होण्याइतका सोपा आहे, म्हणून तोच सगळीकडे फिरला.

चाहत्यांची आठवण इथे आणखी मागे जायला हवी होती. ५ नोव्हेंबर २०११ ला टस्कलूसात लुइझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध (एलएसयू) अलाबामा ९-६ ने हरलं, ओव्हरटाइममध्ये. त्या सामन्यात आमचे चार फील्ड गोल वाया गेले होते. पुढे जानेवारी २०१२ मध्ये त्याच एलएसयूला २१-० ने हरवून विजेतेपद घेतलं, त्यात पाच फील्ड गोल होते, आणि नोव्हेंबरची आठवण त्या आनंदात बुडून गेली. देशातली सर्वोत्तम फळी, सर्वोत्तम धावपटू, सर्वोत्तम बचाव गोळा करणाऱ्या कार्यक्रमाचा एक कोपरा कच्चा होता आणि दोन वर्षं तो कच्चाच राहिला. हा दोष संघबांधणीचा आहे. तो एका विद्यार्थ्याच्या पायावर लादणं मला तेव्हाही पटलं नाही.

पण लादला गेला. ट्विटरवर फॉस्टरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. संघातले सोबती त्याच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी पाठवली. फॉस्टरच्या जर्सीचा क्रमांक ४३, बुश हे अमेरिकेचे ४३ वे राष्ट्राध्यक्ष. तो धागा पकडून त्यांनी त्याला धीर दिला होता. आपल्याकडे चेतन शर्माचं काय झालं ते आठवून पाहा. १८ एप्रिल १९८६, शारजा, शेवटचा चेंडू, मियाँदादचा षटकार. पुढच्याच वर्षी नागपूरला विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक याच माणसाने घेतली, पण नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांसमोर आजही शारजाच उभं राहतं. त्या सामन्यातली उरलेली षटकं कुणाची होती, किती धावा कुठे गेल्या, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

आता चौथा डाउन, एक यार्ड. गुण २८-२१, सामन्याची पाच-साडेपाच मिनिटं उरलेली, चेंडू ऑबर्नच्या १३ यार्डांच्या रेषेवर. किक घेतली असती तर साधारण ३० यार्डांची, कारण किक रेषेच्या मागून मारतात आणि खांब एंड झोनच्या मागच्या टोकाला असतात. ती बसली तर ३१-२१, म्हणजे ऑबर्नला दोनदा गुण करावे लागले असते आणि हातात वेळ थोडा. सेबन यांनी धाव निवडली. येल्डनला फळीतच अडवलं.

या निर्णयावर मी बरीच वर्षं रागावलेलो होतो. आता तितका नाही. एक यार्ड हवा असताना धाव यशस्वी होण्याचं प्रमाण महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये निम्म्याहून बरंच वर असतं, आणि येल्डनने त्या दिवशी १४१ यार्ड काढले होते. तो एक यार्ड मिळाला असता तर घड्याळ आणखी खाली गेलं असतं आणि टचडाउनची शक्यताही होती. शिवाय किकरवरचा प्रशिक्षकाचा विश्वास तोवर उडाला होता, आणि खरं दुखणं तिथे आहे. ज्या संघाला ३० यार्डांची किक भरवशाने घेता येत नाही, त्याच्यासमोर पर्यायच कमी उरतात. निर्णय चुकला असं म्हणण्यापेक्षा आधीच्या दोन हुकलेल्या किकनी तो निर्णय घडवला असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. मग थोड्या वेळाने, अडीच मिनिटं उरली असताना, त्याच फॉस्टरला ४४ यार्डांवरून मारायला लावलं आणि ती अडवली गेली. ३० यार्डांना विश्वास नव्हता आणि ४४ ला होता, हे मात्र मला आजही जुळवता येत नाही.

आणि आता ती चाल, जिच्याबद्दल त्या रात्री सर्वांत कमी बोललं गेलं आणि माझ्या मते सर्वांत जास्त बोलायला हवं होतं.

अडवलेल्या किकनंतर ऑबर्नला स्वतःच्या ३५ यार्डांच्या रेषेवर चेंडू मिळाला. ६५ यार्ड जायचं होतं. त्यांनी फेकण्याची घाई केली नाही. धावपटू ट्रे मेसनच्या हातात चेंडू दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. ओळीने सहा धावा. त्या दिवशी मेसनने एकट्याने १६४ यार्ड काढले आणि ऑबर्नने मिळून धावण्यावर २९६. धावता खेळ रोखण्यात देशातल्या सर्वांत घट्ट मानल्या गेलेल्या बचावाविरुद्ध हे घडत होतं. सहा वेळा तोच खेळ पाहिल्यावर सातव्या वेळी बचावातल्या माणसाचं शरीर आपोआप पुढे झुकतं. मार्शल चेंडू घेऊन डाव्या बाजूला धावायला निघाला. बाजूचा कॉर्नरबॅक त्याला अडवायला पुढे आला, आणि तो ज्याच्यावर लक्ष ठेवत होता तो सॅमी कोट्स मागे एकटा राहिला. मार्शलने चेंडू जिथून खेळात आला ती रेषा ओलांडायच्या अगदी आधी चेंडू हलकाच उडवला. ३९ यार्डांचा टचडाउन. ३२ सेकंद बाकी, २८-२८.

पंचांना दोष देणारा गट इथे बोट ठेवतो : फेक होत असताना ऑबर्नचे रोखणारे खेळाडू पुढे गेले होते. महाविद्यालयीन नियमात रोखणाऱ्यांना फेकीच्या वेळी रेषेपुढे तीन यार्डांपर्यंत जाता येतं. व्यावसायिक लीगमध्ये एकच यार्ड. हे दोन यार्ड छोटे दिसतात, पण या खेळाचा सगळा जीव त्यांत आहे. रोखणारे पुढे आले की बचावातला माणूस ‘धाव आहे’ असं वाचतो. तो वाचतो तेवढ्यात क्वार्टरबॅक त्याच्याकडेच बघत असतो, आणि तो पुढे आला तर फेक, मागे राहिला तर धाव. बचावाने काहीही केलं तरी उत्तर चुकीचंच निघेल अशी ही रचना आहे. २०१५ मध्ये मर्यादा एक यार्डावर आणण्याचा प्रस्ताव आला, पण तो पुढे गेला नाही. म्हणजे नियम बनवणाऱ्यांनाही यात काही तरी खुपलं होतं. तरी पंचांवर विसंबून सामना परत मिळत नाही. मार्शलने तेच केलं जे तो सगळा हंगाम करत होता, आणि आमच्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

याच्या खुणा आधीच दिसल्या होत्या, म्हणून मला हे जास्त टोचतं. १४ सप्टेंबर २०१३ ला टेक्सस ए अँड एमविरुद्ध आम्ही ४९-४२ ने जिंकलो. जिंकलो म्हणून कुणी त्या ४२ कडे पाहिलं नाही. दोन डाउनमध्ये एकत्र न जमता झपाट्याने पुढचा डाउन सुरू करायचा, बचावाला माणसं बदलायला वेळ द्यायचा नाही, आणि क्वार्टरबॅकने शेवटच्या क्षणी ठरवायचं, ही पद्धत तेव्हा सगळीकडे पसरत होती. खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा वेग बरा नव्हे, असं सेबन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे म्हटलं होतं. आमचे मोठे, भारदस्त बचावपटू जुन्या धाटणीच्या खेळाविरुद्ध भिंतीसारखे उभे राहत. वेगापुढे तेच दमायचे.

आता शेवटचा सेकंद.

पर्याय तीन होते. गुडघा टेकून वेळ संपवायची आणि ओव्हरटाइमला जायचं, जिथे दोन्ही संघांना विरोधी बाजूच्या २५ यार्डांच्या रेषेपासून सारखी संधी मिळते. किंवा एंड झोनकडे उंच फेक टाकायची. किंवा ५७ यार्डांची किक. सेबन यांनी किक निवडली आणि फॉस्टरच्या जागी नवख्या अ‍ॅडम ग्रिफिथला पाठवलं, कारण त्याच्या पायात लांबी होती. सरावात तो ६० यार्डांवरून मारतो असं सेबन यांनी सामन्यानंतर सांगितलं.

निव्वळ शक्यतेच्या तराजूत ठेवलं तर हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. एवढ्या लांबून नवखा मुलगा बहुतेक वेळा चुकणार, पण काही वेळा साधणारही. चुकला तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा ओव्हरटाइम, म्हणजे जे गुडघा टेकूनही मिळणार होतं तेच. उलट धाव होऊन टचडाउन ही शक्यता इतकी बारीक की ती वजनात येत नाही. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, आणि दुसऱ्या गटातल्या चाहत्यांशी माझं जमत नाही ते इथे.

माझी तक्रार दुसरी आहे. किक मारायचं ठरलं की मैदानात कोण उभं आहे हे पाहायला हवं होतं. फील्ड गोलसाठी उतरतात ते बहुतेक जाडजूड रोखणारे, शंभर-सव्वाशे किलोंच्या पुढचे. त्यांचं काम एक-दोन सेकंद भिंत होऊन उभं राहणं, मैदानभर कुणाचा पाठलाग करणं नाही. ५७ यार्डांची किक आखूड पडण्याची शक्यता भरपूर असते. ती मनात धरून दोन-तीन वेगवान पाय त्या फळीत बसवता आले असते, निदान किक सुटताच मागे पळत सुटा एवढं बजावता आलं असतं.

ऑबर्नने हा विचार केला. मॅलझान यांनी किकच्या आधी टाइमआउट घेतला, आणि गोलखांबांखाली आधी जो खेळाडू उभा होता त्याच्या जागी ख्रिस डेव्हिसला पाठवलं. डेव्हिस शेवटच्या वर्षाचा कॉर्नरबॅक, पंट परत आणण्यात तरबेज. दोन्ही बाजूंना सारखाच वेळ होता. एका बाजूने त्या वेळात माणूस बदलला. माझ्या लेखी शेवटच्या सेकंदाचं सगळं विश्लेषण या एका वाक्यात आहे.

किक आखूड पडली, थोडी उजवीकडे. डेव्हिसने ती एंड झोनच्या मागच्या रेषेजवळ झेलली, जरा मध्ये धावला, मग डाव्या बाजूरेषेकडे वळला. त्याच्यासमोर ऑबर्नचे खेळाडू भिंतीसारखे सरकत गेले आणि आमचे अवजड लोक मैदानाच्या मधोमध अडकले. दृश्यांत पाहिलं तर ते धावायचं आहे हे कळायलाच त्यांना क्षण-दोन क्षण लागलेले दिसतात. डेव्हिस पार शेवटपर्यंत गेला. अंतर १०९ यार्ड म्हणून सांगितलं जातं. अधिकृत नोंदीत १०० आहे, कारण तिथे गोलरेषेमागचं अंतर धरत नाहीत. ८७ हजारांवर माणसांचं स्टेडियम रिकामं होण्याऐवजी मैदानात उतरलं. नंतर टूमर्स कॉर्नरला झाडं नव्हती तरी लोक तिथेच जमले.

आकडे समोर ठेवतो. अलाबामा एकूण ४९५ यार्ड, ऑबर्न ३९३. शंभर यार्ड जास्त काढून आम्ही हरलो. हे वाचून ‘आपणच चांगले होतो, नशीब फिरलं’ असं म्हणावंसं वाटतं आणि त्या रात्री बहुतेकांनी तेच म्हटलं. पण त्या ४९५ मध्ये कूपरच्या एका झेलाचे ९९ आहेत. तो एक खेळ बाजूला काढा, दोन्ही संघ जवळजवळ एका पातळीवर येतात. जो सामना आम्ही ‘हातातला’ म्हणत होतो तो फारसा हातात नव्हताच.

पुढे जे झालं त्याने माझं मत पक्कं झालं. ऑबर्नने परिषदेचा, म्हणजे दोन्ही विद्यापीठं ज्या लीगमध्ये खेळतात तिचा, अंतिम सामना मिझुरीविरुद्ध ५९-४२ ने जिंकला आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटकडून शेवटच्या मिनिटात ३४-३१ ने हरलं. आम्ही २ जानेवारी २०१४ ला शुगर बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात ओक्लाहोमाकडून ४५-३१ ने हरलो. तिथे ना शेवटचा सेकंद होता, ना ५७ यार्डांची किक. वेगवान खेळ होता आणि त्यापुढे धापा टाकणारा आमचा बचाव. अनेकांनी हा पराभव ‘मन लागलं नाही’ म्हणून सोडून दिला. मला तो ऑबर्नच्या सामन्याचाच पुढचा भाग वाटला. पुढच्या वर्षीच्या आयर्न बोलमध्ये आम्ही ५५-४४ ने जिंकलो. ऑबर्नने त्या दिवशी ६०० हून अधिक यार्ड काढले. जिंकलो म्हणून पुन्हा कुणी त्या ४४ कडे पाहिलं नाही.

सेबन यांनी पाहिलं होतं. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी लेन किफिन यांना आक्रमणाची सूत्रं दिली आणि ज्या वेगाविरुद्ध ते बोलत आले होते तोच वेग आमच्या खेळात आला. चाहते ‘चांगला किकर आणा’ म्हणत होते तेव्हा प्रशिक्षकाने खेळाची सगळी चालच बदलायला घेतली होती.

राहिला ग्रिफिथ. तो पोलंडमध्ये जन्मला, अनाथाश्रमात वाढला आणि किशोरवयात दत्तक म्हणून जॉर्जिया राज्यात आला. ११ जानेवारी २०१६ ला अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेलमध्ये क्लेमसनविरुद्ध राष्ट्रीय अंतिम सामना होता, चौथा क्वार्टर, २४-२४. अलाबामाने नुकतेच गुण केले होते, म्हणून आता चेंडू लांब मारून क्लेमसनच्या हवाली करायचा होता. क्लेमसनचे खेळाडू मैदानाच्या मध्याकडे दाटीने उभे राहतात आणि बाजू मोकळी सोडतात, हे या वेळी आधीच हेरून ठेवलं होतं. ग्रिफिथ धावत आला आणि लांब मारण्याऐवजी त्याने चेंडू हलकाच उचलून त्या मोकळ्या जागेत टाकला. अलाबामाचाच मार्लन हम्फ्री खाली धावत गेला, त्याने तो हवेतच झेलला आणि चेंडू अलाबामाकडेच राहिला. बाजूरेषेवर सेबन हसले. ग्रिफिथ एव्हाना सोबत्यांच्या गराड्यात होता. दोन डाउननंतर टचडाउन झाला आणि अलाबामाने तो सामना ४५-४० ने जिंकला.